मूल ऐकत नाही, हे पहिल्या वर्षातच कळायला हवे : कॉक्लिअर इम्प्लांट आणि कानाच्या शस्त्रक्रिया

"काही नाही, उशिरा बोलेल. याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला होता." न बोलणाऱ्या मुलाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. आजी बोलते, शेजारीण बोलते, कधीकधी गल्लीतला डॉक्टरही बोलतो. मग कोणी जीभ चिकटली आहे म्हणून ती कापून आणायला सांगते, कोणी कानात तेल घालते, कोणी ताईत बांधते. या सगळ्यात मूल चार वर्षांचे होते. तेव्हा कुठे तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबई-पुण्याला पाठवले जाते आणि तिथे तपासणीत कळते, की मुलाची जीभ आणि घसा दोन्ही उत्तम आहेत. त्याला ऐकूच येत नाही, म्हणून ते बोलत नाही.

ही चार वर्षे पुन्हा मिळत नाहीत. आजच्या घडीला जन्मतः कर्णबधिर असलेल्या मुलाला ऐकू यावे यासाठी शस्त्रक्रिया आहे, तिच्यासाठी सरकारी योजनाही आहे. पण ही शस्त्रक्रिया वेळेशी बांधलेली आहे. म्हणून ती काय आहे, कोणासाठी आहे, कोणासाठी नाही आणि तिच्या नावाखाली कोणत्या चुकीच्या आशा दाखवल्या जातात, हे प्रत्येक आईवडिलांनी, अंगणवाडी ताईंनी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे गरजेचे आहे.

कान ऐकतो कसा?

आपल्याला दिसतो तो कान म्हणजे फक्त बाहेरचे कर्णे. आवाजाच्या लहरी कानाच्या नळीतून आत जातात आणि कानाच्या पडद्यावर आदळतात. पडदा थरथरतो. पडद्यामागे एकमेकांना जोडलेली तीन चिमुकली हाडे असतात. ती ही थरथर वाढवून आतल्या कानाकडे पोहोचवतात. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. त्याला कॉक्लिआ म्हणतात. आकाराने तो वाटाण्याएवढा.

या शंखात द्रव भरलेला असतो आणि त्यात सुमारे १५ हजार अतिसूक्ष्म केसपेशी असतात. द्रव हलला की केसपेशींवरचे केस वाकतात आणि त्या हालचालीचे रूपांतर विजेच्या संदेशात होते. हा संदेश श्रवणाच्या नसेतून मेंदूपर्यंत जातो. ऐकण्याचे खरे काम तिथे होते. कान आवाज पोहोचवतो, त्याचा अर्थ मेंदू लावतो.

शंखाची आणखी एक गंमत आहे. त्याच्या तोंडाजवळच्या केसपेशी बारीक, उंच स्वर पकडतात आणि टोकाकडच्या पेशी जाड, खालचे स्वर पकडतात. म्हणजे हार्मोनियमच्या पट्ट्या ओळीने मांडाव्यात तशी ही रचना आहे. पुढे इम्प्लांटचे काम कळायला ही गोष्ट उपयोगी पडते.

बहिरेपणाचे दोन प्रकार, उपायही दोन

'कानाचे ऑपरेशन' हा शब्द आपण सरसकट वापरतो. पण कुठे बिघाड झाला आहे, त्यावर कोणते ऑपरेशन हे ठरते.

पहिल्या प्रकारात आवाज आतल्या कानापर्यंत पोहोचतच नाही. नळीत मळ अडकलेला असतो, पडद्याला भोक असते, पडद्यामागे पाणी साचलेले असते किंवा हाडांची साखळी तुटलेली किंवा अडकलेली असते. शंख आणि नस मात्र ठीक असतात. या प्रकारात शस्त्रक्रियेने ऐकणे बऱ्याच अंशी परत मिळू शकते.

दुसऱ्या प्रकारात आवाज शंखापर्यंत पोहोचतो, पण तिथल्या केसपेशी मेलेल्या किंवा जन्मतःच निकामी असतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कोणत्याही तेलाने, थेंबांनी किंवा गोळ्यांनी त्या परत येत नाहीत. इथे बिघाड मध्यम असेल तर श्रवणयंत्र चालते. तो इतका तीव्र असेल की श्रवणयंत्र लावूनही शब्द कळत नाहीत, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार होतो.

आपल्या वस्त्यांमध्ये पहिल्या प्रकाराचे सर्वात मोठे कारण म्हणजे कान वाहणे. सतत सर्दी, दाटीवाटीची घरे, चुलीचा धूर, नदी-विहिरीच्या पाण्यात डुबक्या आणि 'वाहतोय तर वाहू दे, मोठेपणी थांबेल' ही समजूत. पडद्याला भोक पडून तिथून पू येत राहतो. यावर टिंपॅनोप्लास्टी नावाची शस्त्रक्रिया करतात. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरील पातळ आवरणाचा तुकडा घेऊन पडद्याचे भोक बुजवतात. ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते.

मात्र वाहणाऱ्या कानाला घाण, कुजकट वास येत असेल तर अजिबात थांबू नये. पडद्यामागे चामडीचा एक गोळा वाढत असण्याची शक्यता असते. हा गोळा कर्करोग नव्हे, पण तो आजूबाजूचे हाड खातो. त्यातून चेहरा वाकडा होऊ शकतो, संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि जीवही जाऊ शकतो. कानामागचे हाड कोरून हा गोळा काढावा लागतो. अशा वेळी ऑपरेशनचा पहिला उद्देश जीव वाचवणे हा असतो, ऐकणे वाढवणे हा नंतरचा.

लहान मुलांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचते. ते औषधाने आणि वाट पाहून गेले नाही, तर पडद्यात बारीक नळी बसवून काढतात. तरुण वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, तिसरे हाड घट्ट बसून हळूहळू ऐकू कमी येण्याचा एक आजार असतो. त्यात ते हाड काढून त्या जागी बारीक पिस्टन बसवतात. १९५६ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॉन शिया यांनी ही पद्धत यशस्वी करून दाखवली. कानाची नळीच जन्मतः बंद असेल, तर कवटीच्या हाडातून कंप पोहोचवणारी यंत्रे बसवता येतात.

म्हणजे या सगळ्यांना कॉक्लिअर इम्प्लांट लागत नाही. कान वाहणाऱ्या मुलासाठी 'लाखांचे मशीन बसवा' असे कोणी सांगत असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे नेमके काय?

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. इम्प्लांट तसे करत नाही. मेलेल्या केसपेशींना वगळून ते थेट श्रवणाच्या नसेला विजेचे सूक्ष्म संदेश देते. दोघांत हा मूळ फरक आहे.

त्याचे दोन भाग असतात. बाहेरचा भाग कानामागे अडकवलेला असतो. त्यात मायक्रोफोन, आवाजाचे विश्लेषण करणारा प्रोसेसर आणि बॅटरी असते. त्याला वायरने जोडलेली एक गोल चकती डोक्याला चुंबकाने चिकटून राहते. आतला भाग शस्त्रक्रियेने त्वचेखाली, कवटीच्या हाडावर बसवतात. त्यातून निघणारी केसासारखी बारीक तार शंखात सरकवलेली असते. कंपनीनुसार या तारेवर साधारण १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात.

बाहेरचा प्रोसेसर आवाजाची उंच-सखल स्वरांत विभागणी करतो आणि रेडिओ लहरींनी, त्वचेला छिद्र न पाडता, आतल्या भागाकडे पाठवतो. उंच स्वर असेल तर शंखाच्या तोंडाजवळचा इलेक्ट्रोड चालतो, खालचा स्वर असेल तर आत खोलवरचा. हार्मोनियमच्या पट्ट्यांची ती रचना इथे कामाला येते. फरक एवढाच, की निसर्गाने दिलेल्या हजारो केसपेशींचे काम इथे फार तर २२ टोकांना करायचे असते. म्हणून इम्प्लांटमधून येणारा आवाज निसर्गासारखा नसतो. मोठेपणी ऐकणे गेलेल्या अनेकांना तो सुरुवातीला यांत्रिक, किरकिरा वाटतो. सरावाने मेंदू त्याला रुळतो.

नस शाबूत असणे ही इथली मुख्य अट. नसच नसेल तर इम्प्लांट संदेश कोणाला देणार? म्हणूनच आधी एमआरआय करून नस आहे का ते पाहतात.

हे यंत्र आले कुठून?

१९५७ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस या दोघांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या नसेला विजेने चेतवले आणि त्याला आवाजाची जाणीव झाली. १९६१ मध्ये अमेरिकेत विल्यम हाउस यांनी रुग्णांमध्ये इम्प्लांट बसवले. त्यांच्या एकाच इलेक्ट्रोडच्या यंत्राला १९८४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली. या यंत्राने आवाजाची चाहूल लागे, पण शब्द कळणे अवघड होते.

शब्द कळण्यासाठी अनेक इलेक्ट्रोड हवे होते. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना नीट ऐकू येत नसे. दुकानात ग्राहकांशी बोलताना बापाची होणारी ओढाताण क्लार्क यांनी लहानपणी पाहिली होती. शंखाच्या वेढ्यांत तार आत कशी सरकवायची, या प्रश्नाने त्यांना अडवले होते. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुटीला गेले असताना त्यांनी एक शिंपला उचलला आणि त्यात गवताची पाती सरकवून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते सहज आत गेले. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, मेलबर्नमध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र बसवले. ऑस्ट्रियात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर हे संशोधक दांपत्य त्याच सुमारास हेच काम करत होते. अमेरिकेतील ब्लेक विल्सन यांनी १९९१ मध्ये आवाजाचे संकेत बनवण्याची नवी पद्धत मांडली आणि शब्द समजण्यात मोठी झेप आली. २०१३ चा लास्कर पुरस्कार क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन या तिघांना मिळाला.

हा इतिहास सांगायचे कारण असे, की पूर्वी अनेक नामांकित शास्त्रज्ञांनी या कल्पनेला अशक्य ठरवले होते. चिकाटी, प्रयोग आणि पुरावा यांच्या बळावर ती खरी ठरली. जी गोष्ट विज्ञानाने अर्धशतक खपून मिळवली, ती आपण ताईत आणि तेलाच्या भरवशावर दवडू नये.

वेळ इतकी महत्त्वाची का?

मूल जन्मल्यावर मेंदूतले ऐकण्याचे आणि भाषेचे भाग आपोआप तयार होत नाहीत. कानावर पडणाऱ्या आवाजांनी ते घडतात. आईचे बोलणे, भांड्यांचा आवाज, भावंडांची भांडणे, अंगाई या सगळ्यातून मेंदूला खाद्य मिळते. पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत हे घडणे सर्वात जोरात असते. आवाज आलाच नाही, तर मेंदू ती जागा दुसऱ्या कामाला, मुख्यतः पाहण्याच्या कामाला लावतो. सात-आठ वर्षांनंतर जन्मतः कर्णबधिर मुलाला इम्प्लांट बसवले तर यंत्र व्यवस्थित चालते, आवाजही पोहोचतो, पण त्याचा अर्थ लावणे मेंदूला फार जड जाते. म्हणून उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेत लाखो रुपये खर्चूनही बोलणे स्पष्ट येत नाही आणि घरचे निराश होतात.

ज्याला आधी ऐकू येत होते, जो बोलायला शिकला होता आणि मग आजाराने, तापाने किंवा वयाने ज्याचे ऐकणे गेले, त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या मेंदूत भाषा आधीच बसलेली असते. अशा मोठ्या माणसांना, अगदी साठी-सत्तरीतही, इम्प्लांटचा चांगला फायदा होऊ शकतो. मात्र ऐकणे जाऊन वर्षानुवर्षे लोटली असतील तर तो कमी होतो.

जगभर तज्ज्ञांनी ठरवलेले उद्दिष्ट लक्षात ठेवायला सोपे आहे. एक महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्के निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि शिकवणी सुरू. जगात दर हजार बाळांमागे एक-दोन बाळे मोठ्या श्रवणदोषासह जन्मतात.

आईवडिलांनी काय पाहावे?

तीन महिन्यांच्या बाळाने दार आपटल्यावर दचकायला हवे. सहा महिन्यांच्या बाळाने आवाजाच्या दिशेला मान वळवायला हवी. वर्षाच्या बाळाने नावाला प्रतिसाद द्यायला हवा आणि दीड वर्षापर्यंत काही शब्द बोलायला हवेत. थाळी वाजवून घेतलेल्या परीक्षेवर विसंबू नका. हलणारा हात पाहून किंवा जमिनीचा हादरा जाणवूनही मूल वळते आणि घरच्यांना वाटते, ऐकू येते आहे.

जन्मल्यावर बाळ रडले नसेल, वजन फार कमी असेल, काचेच्या पेटीत ठेवावे लागले असेल, कावीळ फार वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल किंवा घरात कोणी कर्णबधिर असेल, तर तपासणी करून घ्यावीच.

पहिली तपासणी ओएई नावाची. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी खुंटी ठेवतात, काही मिनिटांत ती होते. शंका आली तर बेरा ही तपासणी करतात. त्यात डोक्याला बारीक तारा चिकटवून, आवाजाला नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का ते पाहतात. दोन्हींत दुखत नाही, टोचत नाही. तीव्र दोष निघाला तर आधी काही महिने योग्य श्रवणयंत्र लावून पाहतात. त्याने शब्दांपर्यंत पोहोचता येत नसेल, तर सीटी स्कॅन आणि एमआरआय करून इम्प्लांटचा निर्णय होतो.

शस्त्रक्रिया आणि तिचे धोके

पूर्ण भूल देऊन, कानामागे छेद घेऊन, तिथले हाड कोरून, चेहऱ्याच्या नसेला धक्का न लावता शंखापर्यंत वाट काढतात आणि इलेक्ट्रोडची तार आत सरकवतात. याला साधारण दोन-तीन तास लागतात. बहुतेक मुले काही दिवसांत घरी जातात. मेंदूला हात लावत नाहीत, हे इथे स्पष्ट सांगायला हवे, कारण 'डोक्याचे ऑपरेशन' म्हणून अनेक आजी-आजोबा विरोध करतात.

धोके नाहीत असे नाही. जखमेत संसर्ग, चक्कर, चव बदलणे, क्वचित चेहऱ्याच्या नसेला इजा, आणि कधीकधी यंत्रच बिघडल्याने दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया. मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून त्याआधी न्यूमोकोकसची लस देतात. त्या कानात थोडेफार ऐकू येत असेल, तर तेही जाऊ शकते. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर डोक्यात चुंबक आहे हे आधी सांगावे लागते. हे सगळे डॉक्टरांनी मराठीत, समजेल अशा शब्दांत सांगितल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये. विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे.

ऑपरेशन झाले, काम आता सुरू होते

दोन ते चार आठवड्यांनी, जखम भरल्यावर यंत्र सुरू करतात. समाजमाध्यमांवर त्या क्षणाचे व्हिडिओ फिरतात, बाळ हसते, आई रडते. ते पाहून वाटते, झाले, मूल आता बोलणार. तसे होत नाही. त्या दिवशी मुलाचे 'ऐकण्याचे वय' शून्य असते. चार वर्षांचे मूल त्या दिवशी ऐकण्याच्या बाबतीत नुकतेच जन्मलेले असते.

प्रोसेसरचे सेटिंग, ज्याला मॅपिंग म्हणतात, पहिल्या वर्षात वारंवार करावे लागते. आणि किमान दोन-तीन वर्षे, आठवड्याला एक-दोनदा वाचा-श्रवण प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याहून मोठा वाटा घरचा. भाकरी थापताना, आंघोळ घालताना, बाजाराला नेताना आईने, बापाने, आजीने सतत बोलत राहायचे. 'हे पाणी. गरम पाणी. पाणी ओतू?' असे तेच तेच, हजार वेळा. यंत्र मुलाच्या कानावर जागेपणी सर्व वेळ असायला हवे. 'शाळेत हरवेल' म्हणून कपाटात ठेवलेले यंत्र कुणाच्याच कामाचे नाही.

इथेच गरिबांचे गणित मोडते. मशीन सरकारने दिले, पण प्रशिक्षण केंद्र शहरात. आठवड्याला दोनदा यायचे तर रोजंदारी बुडते, एसटीचे भाडे लागते. सहा महिन्यांत येणे थांबते. मग वायर तुटते, चकती बिघडते, बॅटरी बदलायची असते. हमीचा काळ संपल्यावर हा खर्च हजारांत, प्रोसेसर बदलायचा झाला तर लाखांत जातो. पावसाळ्यात दमटपणाने यंत्र बिघडते, ते रात्री कोरडे ठेवणाऱ्या डबीत ठेवावे लागते, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून 'किती मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या' एवढाच आकडा सरकारकडे मागून भागणार नाही. 'त्यातली किती मुले आज यंत्र वापरतात, किती बोलतात आणि किती शाळेत आहेत' हा प्रश्न विचारायला हवा. जिल्हा रुग्णालयात वाचा-श्रवण तज्ज्ञाचे पद भरलेले आहे का, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

खर्च आणि योजना

खासगी रुग्णालयात एका कानाच्या इम्प्लांटचा खर्च यंत्राच्या प्रकारानुसार सहा-सात लाखांपासून बारा-पंधरा लाखांपर्यंत जातो. एवढ्यासाठी शेत विकण्याआधी किंवा सावकाराकडे जाण्याआधी सरकारी वाट पाहावी.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाची एडिप योजना दिव्यांगांना साधने पुरवते. २०१४ पासून त्यात कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश आहे. तेव्हा एका मुलामागे ६ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आणि वर्षाला ५०० मुलांचे उद्दिष्ट ठरले होते. जन्मतः कर्णबधिर मुलांसाठी ५ वर्षांपर्यंतची वयोमर्यादा आहे. बोलायला शिकल्यावर ऐकणे गेलेल्या मुलांसाठी ती १८ वर्षांपर्यंत आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाचीही अट आहे. या योजनेची सूत्रे मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थेकडे आहेत. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत तपासणी आणि मार्गदर्शनही मिळते. महाराष्ट्रातल्या पालकांना ती जवळ आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

दुसरी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. या कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा मुलांची तपासणी करतात. जन्मतः कर्णबधिरता त्यांच्या यादीत आहे. शंका असलेल्या मुलाला ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथक येईल त्या दिवशी मूल अंगणवाडीत हजर असेल एवढे आपण नक्की पाहू शकतो. केरळ सरकारने 'श्रुतितरंगम' ही स्वतःची इम्प्लांट योजना चालवली. राज्ये मनावर घेऊ शकतात, याचे ते उदाहरण.

अर्जासाठी आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, तपासणीचे अहवाल आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ही कागदपत्रे काढायला महिने जातात आणि इकडे वयोमर्यादा संपत येते. म्हणून निदान होताच त्याच आठवड्यात कागदांना लागावे. वस्तीतल्या सुशिक्षित तरुणांना खरे काम करायचे असेल तर ते इथे आहे. एखाद्या आईबरोबर तहसील आणि सिव्हिलला दोन हेलपाटे घातले, तर एका मुलाचे आयुष्य बदलू शकते.

ज्यांना इम्प्लांट बसत नाही त्यांचे काय?

सर्वांना ते बसवता येत नाही, आणि सर्वांनी ते बसवलेच पाहिजे असेही नाही. कर्णबधिरांची स्वतःची भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांचा खेळ नव्हे, तिला स्वतःचे व्याकरण आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. इम्प्लांटने मूल 'दुरुस्त' होते ही भाषा अनेक कर्णबधिर व्यक्तींना खटकते आणि ती खटकणे रास्त आहे. उशीर झालेल्या मुलाला आणखी पाच वर्षे बोलण्याच्या आशेवर ठेवून कोणतीच भाषा न देणे, हा त्याच्यावरचा सर्वात मोठा अन्याय. मुलाला भाषा मिळायला हवी, मग ती तोंडाची असो वा हातांची.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ हे हक्क मान्य करतो. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक दोष असलेल्याला तो कर्णबधिर मानतो. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. घरातल्या मुलाला 'मुका', 'बहिरा' म्हणून हाक मारणे आधी आपल्या घरातून बंद व्हायला हवे. त्याला नाव आहे, त्याच नावाने हाक मारावी.

जे टाळता येते ते टाळू या

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार लहान मुलांतील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात. गर्भवतीला रुबेला झाला तर बाळ कर्णबधिर जन्मू शकते, म्हणून गोवर-रुबेलाची लस मुलामुलींना वेळेवर द्यावी. क्षयरोगाची आणि काही संसर्गांची इंजेक्शने केसपेशी मारू शकतात. ती चालू असताना कानात आवाज येऊ लागला तर लगेच डॉक्टरांना सांगावे.

मामाची मुलगी, आत्याचा मुलगा अशा नात्यातल्या लग्नांत आनुवंशिक कर्णबधिरतेचा धोका वाढतो. आपल्याकडे ही प्रथा अजून आहे. आईवडील दोघेही चांगले ऐकणारे असतात, पण तोच दोष दोघांकडे लपलेला असेल तर मुलात तो उघड होतो. यात आईचा दोष नसतो, ग्रहणाचा नसतो, कुणाच्या दृष्टीचा तर नसतोच.

आणि डीजे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत कान सहन करतो. दर ३ डेसिबल वाढले की ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघ्या १५ मिनिटांवर येते. जयंतीची मिरवणूक असो, गणपती असो वा लग्नाची वरात, भिंतीएवढ्या स्पीकरपुढे तीन-चार तास नाचणाऱ्या आणि आईच्या कडेवरून तो आवाज झेलणाऱ्या पोरांच्या केसपेशी मरत असतात. त्या परत येणार नाहीत. महापुरुषांचा विचार पुढच्या पिढीच्या कानावर पडावा असे वाटत असेल, तर आधी ते कान शाबूत राहिले पाहिजेत.

शेवटी मोठ्यांसाठी एक सूचना. सकाळी उठल्यावर अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर 'मळ असेल' म्हणून आठवडा घालवू नका. ती तातडीची स्थिती आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत उपचार सुरू झाले तर ऐकणे वाचण्याची शक्यता जास्त असते.

आपल्या ओळखीत दीड वर्षाचे होऊनही एक शब्द न बोलणारे मूल असेल, तर हा लेख त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवा. 'उशिरा बोलेल' असे म्हणण्याऐवजी 'चला, कान तपासून घेऊ' एवढे म्हणा. ओएई तपासणीला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे आज काढली नाहीत, तर त्याची किंमत त्या मुलाला आयुष्यभर मोजावी लागते.